कलम गुलाबाचं

मराठी मध्यमवर्गाचं गुलाबाशी कधी नीट जमलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मोगऱ्यावर आपण जीव टाकतो. जाई-जुईचं नाव काढलं की आजोळ आठवतं. प्राजक्ताचा सडा म्हटलं की एरवी वीजबिलाखेरीज काही न वाचणारा माणूसही हळवा होतो. देवांनीसुद्धा फुलं आपापसांत वाटून घेतली. जास्वंद गणपतीला, बेल शंकराला, तुळस विठोबाला. या वाटणीत गुलाबाच्या पदरी काय पडलं? लग्नाच्या दारातली गुलाबदाणी, मसाला पानातला गुलकंद आणि पुढाऱ्याच्या गळ्यातला हार. नेहरूंनी एक फूल अचकनीला लावलं, तेवढाच काय तो त्याचा मान. मोगलांनी आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं, म्हणजे हा पाहुणा येऊन काही शतकं लोटली. पण आपण त्याला अजून बाहेरच्या खोलीतच बसवतो.

मी डोंबिवलीत गुलाब लावतो. गच्चीवर आणि गॅलरीत मिळून एकोणचाळीस कुंड्या आहेत. निम्मे गुलाब जुन्या घराण्यातले, निम्मे नव्या जमान्यातले. हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की लोक माझ्याकडे, घरात मगर पाळलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. मग आक्षेप सुरू होतात. ते तीनच आहेत, आणि गेली कित्येक वर्षं तेच आहेत. तिन्हींचा एकदाच निकाल लावावा म्हणून हा लेख.

पहिला आक्षेप हवेचा. ''डोंबिवलीत गुलाब? अहो, इथे माणसं कशीबशी तग धरतात!'' ठाण्याचे लोक हे विशेष आनंदाने म्हणतात. घोडबंदर रोडवरची धूळ म्हणजे जणू काश्मीरचं धुकंच! हवा वाईट आहे, हे मी नाकारत नाही. २०१४ सालच्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला. २०२० सालच्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री येऊन गेले. पण मी म्हणतो, ज्या गावात नुसता डांबरी रस्तासुद्धा गुलाबी होऊ शकतो, तिथे गुलाब होणार नाही असं कुठल्या तोंडाने म्हणता?

थट्टा सोडा. गुलाबाचं शास्त्रच थोडं विचित्र आहे. गुलाबाच्या पानावर काळे ठिपके पाडणारी एक बुरशी आहे. पान पिवळं पडतं, गळतं आणि झाड भादरल्यासारखं उघडं होतं. इंग्लंडातल्या शहरांत कोळशाच्या धुराचं राज्य होतं, तोवर तिथे हा रोग कमी असायचा, कारण धुरातल्या गंधकाने ती बुरशी मरायची. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला, पुढे धूर निवळला, माणसांची फुप्फुसं सुधारली आणि गुलाबांवर ठिपके आले. म्हणजे साहेबाला निदान एका वेळी एकच दुःख होतं. आमच्याकडे धूरही आहे आणि ठिपकेही. तरीही माझ्या गच्चीवर डिसेंबरात फुलं येतात.

कारण आमच्या गुलाबाचा खरा शत्रू धूर नाही, पाऊस आहे. चार महिन्यांत ऐंशी-शंभर इंच पाणी ओतणाऱ्या आभाळाखाली गुलाबाची मुळं कुजतात, शेंडे काळे पडून फांदी वरून खाली वाळत येते. यावर उपाय आहेत आणि ते आजीच्या काढ्यापेक्षा अवघड नाहीत. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, वर लाल माती, चांगलं मुरलेलं शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. पाणी तुंबता कामा नये, एवढं एक कलम पाळलं तर बाकीचे अपराध गुलाब पोटात घालतो. मग पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छाटणी. ही छाटणी बघणाऱ्याला फार क्रूर वाटते. आमची ही दरवर्षी म्हणते, ''एवढं तर मुंजीतसुद्धा कापत नाहीत हो!'' पण कापल्यापासून दीड-दोन महिन्यांत, बरोबर थंडी पडायच्या सुमाराला, झाड फुलांनी उत्तर देतं. आपल्याकडची गुलाबप्रदर्शनं थंडीत का भरतात, याचं कोडं इथे सुटतं.

आता मुद्द्यावर येतो. 'इथे गुलाब होत नाही' असं म्हणणारा माणूस काय करतो, ते बघा. तो रस्त्याकडेच्या नर्सरीत जातो. तिथे बशीएवढं फूल आलेलं एक रोप असतं. विचारलं, ''कुठला गुलाब?'' तर उत्तर मिळतं, ''डच आहे साहेब.'' लहान फुलांचा झुपका असेल तर 'काश्मिरी'. त्याहून लहान असेल तर 'बटन'. झाली वनस्पतिशास्त्राची इतिश्री! हजारो जाती, प्रत्येकीला नाव, जन्मसाल, आईबाप, आणि आमच्याकडे तीन खुंट्या: डच, काश्मिरी, बटन. हे म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर 'गोरा, काळा आणि बुटका' एवढ्याच नोंदी करण्यासारखं आहे. नाव माहीत नाही म्हणून स्वभाव माहीत नाही, स्वभाव माहीत नाही म्हणून निगा चुकते, झाड जुलैत मरतं आणि दोष डोंबिवलीच्या हवेला!

युरोपच्या थंडीसाठी तयार केलेलं रोप कोकणाच्या उंबरठ्यावर आणून ठेवायचं आणि ते कुढलं की गुलाबजातीलाच नावं ठेवायची, हा न्याय नव्हे. उष्ण हवेचे गुलाब आहेत आणि ते आपल्याच देशातल्या रानगुलाबांपासून होतात. मणिपूरच्या डोंगरात १८८० च्या दशकात सर जॉर्ज वॅट यांना एक प्रचंड वेलीगुलाब सापडला, 'रोझा जायगँशिया'. बंगालकडे 'रोझा क्लायनोफिला' नावाचा एक रानगुलाब पाणथळ जागी, प्रसंगी पाण्यात पाय बुडवून उभा असतो. या दोघांना हाताशी धरून कोडाइकनालचे विरराघवन यांनी उष्ण प्रदेशासाठी गुलाब तयार केले. सनदी नोकरी सोडून माणूस गुलाबाच्या मागे लागला. पाण्यात पाय बुडवून उभ्या राहणाऱ्या त्या गुलाबाची हकीकत वाचली तेव्हा मला भरून आलं. जुलै महिन्यात कल्याण स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहायला याच्याइतका लायक दुसरा कोण आहे?

दुसरा आक्षेप माझ्या जुन्या गुलाबांवर. ''हा कसला गुलाब? हा तर गावठी!''

'गावठी' हा शब्द आपण दोनच ठिकाणी आदराने वापरतो, कोंबडी आणि कोथिंबीर. गुलाबाच्या बाबतीत ती शिवी आहे. फिकट किंवा गडद गुलाबी, विस्कटल्यासारख्या पाकळ्या, मान जरा खाली, काटे भरपूर आणि वास मात्र असा की शेजारच्या वहिनी विचारतात, ''आज शिरा केलात का हो?'' हा गुलाब फुलदाणीत दुसऱ्या दिवशी झडतो, म्हणून कुणी त्याला घरात घेत नाही. हारवाले घेतात, गुलकंदवाले घेतात. सुशिक्षित माणूस मात्र सेलोफेनमध्ये गुंडाळलेला लांब दांड्याचा लाल गुलाब घेतो, नाकाशी नेतो आणि चेहऱ्यावर उगाचच प्रसन्न भाव आणतो. वास नसतोच! फुलात नसला तरी चेहऱ्यावर आणायचा, असा हा सुसंस्कृतपणा.

या बिनवासाच्या गुलाबाची गोष्ट साधी आहे. बाजाराला लांब दांडा हवा, पेटीत घालून लांबवर नेलं तरी टिकणारं फूल हवं. मावळात तळेगावच्या बाजूला हरितगृहांतून फेब्रुवारीत गुलाबांच्या पेट्या परदेशी जातात, हा शेतकऱ्याच्या कष्टाचा पैसा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टिकाऊपणा निवडता निवडता वास कधी मागे सुटला ते कळलंच नाही. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी 'पापा मेयाँ' हा सुवासिक गुलाब आणि 'रूज मेयाँ' हा बिनवासाचा गुलाब शेजारी शेजारी ठेवून तपासले. वास तयार करायला लागणारं एक विकर पहिल्याच्या पाकळ्यांत जोरात कामाला होतं, दुसऱ्यात ते जवळजवळ झोपलेलं होतं. म्हणजे कारखाना आहे, पण काम बंद. हे आम्हां डोंबिवलीकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

आणि 'गावठी' कुणाला म्हणता? माझ्या गच्चीवरच्या पाचव्या कुंडीत 'एडवर्ड' आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं त्याचा खुंट करून त्यावर भारी गुलाबांचे डोळे भरले गेले. म्हणजे कष्ट याच्या मुळांचे आणि नाव वरच्याचं. सासरी आलेल्या सुनेसारखी त्याची स्थिती. हा एडवर्ड मूळचा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा. त्या काळी त्या बेटाचं नाव बूर्बाँ. तिथे शेतांच्या कुंपणाला दोन तऱ्हेचे गुलाब लावत, एक चिनी आणि एक दमास्कस घराण्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुंपणातच त्यांचं जमलं. पत्रिका न बघता झालेल्या या लग्नातून बूर्बाँ गुलाबांचं घराणं निघालं, आणि त्या घराण्याचं रक्त पुढे आधुनिक गुलाबात उतरलं.

चिनी गुलाबांचं तर आणखी गंमतीचं आहे. त्याआधी युरोपातले बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे, आपल्या आंब्यासारखे. वर्षभर फुलण्याचा गुण चिनी गुलाबांनी दिला. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या जहाजांतून तिकडे गेले, त्यांतले काही कलकत्त्याच्या बागेत मुक्काम करून. म्हणून फ्रेंच लोक त्यांना बराच काळ 'बंगाली गुलाब' म्हणत. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो नावाच्या माळ्याने 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला. तो पहिला 'हायब्रिड टी'. गुलाबवाल्यांच्या जगात १८६७ ही सीमारेषा आहे. त्याआधीची घराणी 'जुनी', नंतरची 'आधुनिक'. तेव्हा ज्याला तुम्ही गावठी म्हणून नाक मुरडता, तो तुमच्या त्या ताठ मानेच्या डचाचा खापरपणजोबा आहे. म्हाताऱ्याला गावठी म्हणायचं आणि नातवाला फुलदाणीत बसवायचं, ही रीत आपल्याकडे नवी नाही म्हणा.

याचा अर्थ मी नव्यांचा वैरी आहे असं नाही. जुन्याच्या प्रेमापायी नव्याला शिव्या देणारे एक वेगळेच कडवे लोक असतात, त्यांच्याशी माझं त्याहून वाकडं आहे. नवे गुलाब हेही कुणाचं तरी आयुष्य असतं. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशाच्या पोळीची काळजी वाहणारा हा माणूस उरलेल्या वेळात गुलाब तयार करत होता. १९६६ साली त्यांनी भारतातल्या गुलाबांवर ग्रंथ लिहिला. 'दिल्ली प्रिन्सेस', पांढरा 'डॉ. होमी भाभा', चॉकलेटी छटेची 'मोहिनी', ही त्यांची मुलं. दिल्लीच्या त्याच संस्थेच्या परिसरातून 'मृणालिनी', 'रक्तगंधा', 'भीम' आले. केवढी सुरेख नावं! पण नर्सरीत जाऊन 'मृणालिनी आहे का?' असं विचारून पाहा. मला एकाने सांगितलं, ''मॅडम आज आल्या नाहीत.''

तिसरा आक्षेप जागेचा. इथे मात्र समोर व्यक्ती नसते, सोसायटी असते. सोसायटीची सभा म्हणजे वर्षातून एकदा फुलणारा गुलाब, आणि त्याला फक्त काटे येतात. आमच्या सभेत माझ्या कुंड्यांचा विषय कायम शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या सदरात असतो.

''तुमच्या कुंड्यांमुळे गच्ची गळते,'' सेक्रेटरी म्हणतात.

''गळती आहे ती टाकीखाली. माझ्या कुंड्या दुसऱ्या टोकाला, विटांवर आहेत.''

''पण साहेब, तत्त्व म्हणून?''

तत्त्व म्हणून गळणाऱ्या गच्चीवर उपाय नाही. गच्ची सगळ्यांची, हे मला मान्य आहे. वजन बेताचं हवं, पाणी साचता कामा नये, वाट अडता कामा नये, हेही मान्य. पण त्याच सभेत जे काका 'कुंड्या हलवा' म्हणून हात वर करतात, तेच पहाटे पाच वाजता हातात पिशवी घेऊन गच्चीवर येतात. देवाला फूल चोरून वाहिलं तर पुण्य कुणाच्या खात्यात जमा होतं, याचा खुलासा मला आजवर कुठल्याही पुराणात मिळालेला नाही. तरी गेल्या वर्षी मी त्यांना एडवर्डची काडी लावून दिली. आता ते स्वतःच्या फुलावर पहाटे पाचला पहारा देतात.

पण जागेचा प्रश्न आता कुंड्यांपुरता राहिलेला नाही, आणि माझा खरा राग इथे सुरू होतो. ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणला पारनाक्याच्या आसपास, डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, पेंडसेनगरच्या जुन्या घरांच्या पुढे-मागे वीतभर अंगण असे. त्यात एक नारळ, एक अनंत, एक तगर आणि विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्यावर वाढलेला एक गुलाब. तो कुणी विकत आणलेला नसे. कुणाच्या माहेराहून काडी आलेली, कुणी बदलीच्या गावाहून आणलेली. त्याला नाव नसे, पाटी नसे. 'आजीचा गुलाब' एवढीच त्याची ओळख. पन्नास-साठ वर्षं कोकणाचा पाऊस आणि कारखान्यांचा धूर खाऊन तो उभा होता. कुठल्याही नर्सरीत मिळणार नाही असं त्याच्याजवळ एक प्रमाणपत्र होतं: तो इथे जगून दाखवलेला गुलाब होता.

आणि आता एकामागून एक इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. निघू देत. गळक्या घरात म्हातारपण काढणाऱ्यांना लिफ्ट हवी, त्यांच्या सुखाआड मी येणार नाही. सहकारी संस्थांच्या कायद्यातलं कलम ७९-अ हल्ली आमच्याकडे शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे. करारात पार्किंगचं कलम असतं, भाड्याचं कलम असतं, जादा चौरस फुटांचं कलम असतं, विट्रीफाइड टाइल्सचं कलम असतं. एवढ्या कलमांच्या गर्दीत गुलाबाचं कलम तेवढं नसतं! झाडांची मोजणी होते, नारळ-आंब्यासाठी परवानगी लागते. पण गुलाब म्हणजे झुडूप, तो कुठल्या कागदावर येणार? पहिल्या दिवशी जेसीबी येतो आणि पहिल्या पाच मिनिटांत आजीचा गुलाब जातो. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळे जण वास्तूचा शेवटचा फोटो काढण्यात गुंतलेले असतात.

काडीचं मोल काय असतं, ते ऐका. फ्रान्समध्ये मेयाँ घराण्याने एक पिवळसर, कडांना गुलाबी झाक असलेला गुलाब तयार केला. १९३९ साली, युद्ध तोंडावर आलेलं असताना, त्यांनी त्याच्या डोळ्यांच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेला पाठवल्या. युद्धात टपाल तुटलं, कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. पण काड्या जगल्या. जर्मनीत त्याचं नाव पडलं 'ग्लोरिया दाय', इटलीत 'जोया', फ्रान्समध्ये मेयाँच्या आईच्या आठवणीसाठी 'मादाम ए. मेयाँ' आणि अमेरिकेत, १९४५ सालच्या एप्रिलमध्ये, 'पीस'. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांसाठी जमलेल्या प्रतिनिधींना हे फूल देण्यात आलं. चार देशांत चार नावं, आणि आमच्याकडे 'पिवळा डच'. एका महायुद्धातून एक गुलाब वाचला, कारण कुणीतरी वेळेवर चार घरी काड्या पाठवल्या. आमच्या पुनर्विकासात तर बॉम्बही पडत नाहीत. नोटीस महिनोन्महिने आधी मिळते!

म्हणून माझी मागणी अगदी किरकोळ आहे. घर रिकामं करण्याआधी एक तास काढा. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेल्या आठ-दहा काड्या कापा. गावठी गुलाब काडीवरसुद्धा मुळं धरतो, त्याला खुंट लागत नाही, माळीही लागत नाही. दोन काड्या स्वतःसाठी ठेवा, बाकीच्या वाटा. एकाच घरी सगळ्या देऊ नका, कारण गुलाब जगतो तो विखुरल्यामुळे. नाव माहीत नसेल तर अडून बसू नका, पत्ता लिहा. बर्म्युडा बेटावरच्या गुलाबवाल्यांनी हेच केलं. ज्या जुन्या गुलाबांची नावं हरवली, त्यांना ते 'रहस्य गुलाब' म्हणतात आणि जिथे सापडले त्या जागेची नावं देऊन सांभाळतात. मग आपल्याकडे 'पारनाका' नावाचा गुलाब का नसावा? 'टिळकनगर गुलाबी' का नसावा? बिल्डर टॉवरला 'रोझ व्हॅली' नाव देईलच, त्या व्हॅलीत एक तरी रोझ असावा एवढंच माझं म्हणणं.

एकोणचाळीसपैकी सहा कुंड्यांवर माझ्याकडे सध्या असे पत्ते आहेत. त्यांतली चार घरं आता उभी नाहीत, गुलाब आहेत. चाळिसावी कुंडी रिकामी आहे. माती भरून, विटांवर, टाकीपासून लांब ठेवलेली आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाच्या सोसायटीत कराराचा मसुदा वाचनासाठी फिरत असेल, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा आणि पार्किंगच्या खाली, हातानेच का होईना, आणखी एक कलम लावावं.